तीन अब्ज अक्षरांतील एक अक्षर

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे झाला. सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासावयाचे व २०४७ पर्यंत हा रोग हद्दपार करावयाचा, असा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य होय. परंतु 'निर्मूलन' हा शब्द आम्हांस खटकतो. देवीचा रोग बाहेरून येई, म्हणून त्याचे मूळ उपटता आले. सिकलसेलचे मूळ माणसाच्या पेशीतच आहे.

मानवी जनुकसंचाची पोथी सुमारे तीन अब्ज अक्षरांची. त्यांपैकी प्रथिने घडविणारा मजकूर दोन टक्क्यांहूनही कमी! अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची काही भावंडे-जनुके ओळीने बसली आहेत. एकाच मूळ जनुकाच्या नकला होत गेल्या, त्या नकला निराळ्या होत गेल्या आणि हे कुटुंब वाढले. ओळीतील क्रम तोच त्यांच्या कामाचाही क्रम: आधी गर्भावस्थेतील, शेवटी जन्मानंतरचे. या शेवटच्या जनुकात एक अक्षर बदलले आणि तो बदल आईबाप दोघांकडून आला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, हाडेसांधे असह्य ठणकतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ओसरेपर्यंत, म्हणजे पहिले काही महिने, अर्भक मात्र धडधाकट दिसते.

असले घातक अक्षर टिकले कसे? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील संशोधनातून त्याचा उलगडा केला. ते एकाच पालकाकडून आले, तर मूल सहसा निरोगी राहते आणि जीवघेण्या हिवतापापासून बरेचसे बचावते. गडचिरोली, नंदुरबार, किंवा आपल्या किनाऱ्यावरचा पालघर. या रानांनी पिढ्यान्‌पिढ्या हिवताप सोसला आहे.

या मोहिमेत तपासणीनंतर कार्डे दिली जातात व विवाहापूर्वी ती पडताळावीत असे सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे, कारण वधूवर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोगाचा धोका चारांत एक असतो. परंतु पत्रिकेतील मंगळापायी मुली नाकारणारा आपला समाज! 'वाहक' हा शब्द वाचून तो काय करील, हे सांगावयास ज्योतिषी नको. ज्याच्या रक्तात असा कोणताच दोष नाही, त्याच्याशी वाहक मुलीचा संसार झाला, तर एकही मूल रोगी निपजत नाही, हे कार्डासोबत घरोघर समजावून सांगणारा माणूस हवा. आणि आज जे वेदनेने तळमळत आहेत, त्यांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तालुक्याला खेपा न घालता गावच्या आरोग्य केंद्रातच, बारा महिने मिळावयास हवी.