फर्स्ट एडिशनचा फंडा

कुणी स्नीकर्स जमवतं, कुणी घड्याळं. मी जमवतो बदनाम नाटकं! म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्यांनी खळबळ उडवली, त्या नाटकांच्या पहिल्या आवृत्त्या. ‘असली पिवळी पडलेली पुस्तकं घेऊन करतोस काय?’ हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं. थ्रिल, बॉस!

यूजीन ओनीलचंच घ्या. त्याच्या ‘ऑल गॉड्स चिलन गॉट विंग्ज’मध्ये कृष्णवर्णीय तरुण गोऱ्या मुलीशी लग्न करतो. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये यावरून एवढा गहजब झाला, की महापौरांच्या ऑफिसनं बालकलाकारांना परवानगीच नाकारली. मग पहिला प्रवेश दिग्दर्शकानं चक्क वाचून दाखवला! गंमत म्हणजे हेच नाटक तीन महिने आधी एका मासिकात अख्खं छापून आलं होतं. त्याच वर्षी पुस्तकही निघालं.

‘स्ट्रेंज इंटरल्यूड’चं तेच. १९२९ मध्ये बोस्टनच्या महापौरांनी प्रयोगाला बंदी केली, तर मंडळींनी तो जवळच्या क्विन्सीत जाऊन केला. पुस्तक १९२८ मध्येच बाजारात होतं. इथे एक टिप. हे पुस्तक धडाधड खपलं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं. त्यामुळे नुसतं ‘१९२८’ बघून पाकीट काढू नका. कॉपीराइटच्या पानावर नंतरच्या छपाईची नोंद नाही ना, ते बघा. आणि जॅकेट! ते कागदी वेष्टन शाबूत असेल, तर भाव कुठल्या कुठे जातो.

पण ज्या पुस्तकासाठी मी महिन्याचा पगार ओतला असता, ते अस्तित्वातच नाही. मे वेस्टचं ‘सेक्स’! १९२६ मध्ये स्टेजवर आलं, जोरात चाललं. फेब्रुवारी १९२७ मध्ये पोलिसांनी धाड घातली, बाईंना १० दिवसांची कैद झाली. एवढं गाजूनही नाटक तेव्हा पुस्तकरूपात आलंच नाही. ते छापलं गेलं थेट १९९७ मध्ये. बाई जाऊन तेव्हा १७ वर्षं झाली होती.

म्हणजे जवळपास ७० वर्षं लोकांना खटला माहीत, संवाद नाहीत. नाटक खरंच अश्लील होतं का, हे स्वतः वाचून ठरवायची सोयच नव्हती. ओनीलच्या बाबतीत ती पहिल्यापासून होती. मी पैसे मोजतो ते या सोयीसाठी, जुन्या कागदासाठी नाही.

म्हणून माझ्या शेल्फवर ओनीलशेजारी १९९७ चं ते पेपरबॅकही दिमाखात उभं आहे. जॅकेट नाही, वय नाही, डीलर ढुंकूनही बघणार नाही. पण राव, ‘सेक्स’ पहिल्यांदा छापलं गेलं ते याच पुस्तकात!