डबलसीट नको, मुलाची सायकल जोडून घ्या

सुटीच्या सकाळी शहराबाहेर सायकलस्वारांचे गट हल्ली हमखास दिसतात. त्यांत आईवडिलांसोबत निघालेले मूल मात्र क्वचितच दिसते. याचे कारण साधे आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या वेगाने दहा किलोमीटर सायकल मारता येत नाही. त्याला डबलसीट घेतले, तर व्यायाम फक्त मोठ्यांचा होतो. मग मूल घरी राहते, नाहीतर पालक तरी. यावर युरोप-अमेरिकेत बरीच वर्षे रुळलेला उपाय म्हणजे मोठ्यांच्या सायकलला ट्रेलर किंवा लहान सायकल जोडणे. आपणही त्याचा गंभीरपणे विचार करायला हवा. मात्र ही जोडणी कोणती, कधी आणि कुठे करायची, हे समजून घेऊनच.

जोडणीचे मुख्य प्रकार तीन. पहिला दोन चाकांचा ट्रेलर. त्यात मूल पट्टे बांधून बसते. दुसरी 'अर्धी सायकल', म्हणजे एक चाक, पेडल आणि हँडल असलेला भाग. तो बहुधा मोठ्यांच्या सीटखालच्या दांड्याला जोडतात. तिसऱ्या प्रकारात मुलाची स्वतःचीच सायकल मोठ्या सायकलच्या मागच्या ॲक्सलला जोडतात आणि तिचे पुढचे चाक जमिनीवरून किंचित उचलले जाते. रस्ता मोकळा मिळाला की ती सोडवायची, मूल दमले की पुन्हा जोडायची.

आरोग्याच्या दृष्टीने या तिन्हींत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी. तीन-चार वर्षांच्या मुलांनी तर दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी. पाच वर्षांखालच्या मुलाला एका वेळी तासाभराहून जास्त जखडून बसवू नये, असेही ही संघटना सांगते. हा नियम ट्रेलरलाही लावायला हवा. ट्रेलर हे मुलाला नेण्याचे साधन आहे. त्यात मुलाचा व्यायाम होत नाही, म्हणून वाटेत थांबून त्याला पळू-खेळू द्यावे. मूल पेडल मारण्याएवढे झाले की ट्रेलर सोडून दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराकडे वळावे. तिथे त्याचे पाय आणि फुप्फुसे काम करतात, आणि तोल व वाहतुकीची जाण मोठ्यांच्या मागे सुरक्षित अंतरावर तयार होते.

आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे पुढच्या दांड्यावर किंवा मागच्या कॅरिअरवर बसवणे. तिची किंमत अस्थिरोगतज्ज्ञांना चांगली ठाऊक आहे. लोंबकळणारा पाय चाकाच्या आऱ्यांत अडकतो आणि टाचेची कातडी सोलली जाते. कधी हाडही मोडते. नीट बनवलेल्या जोडणीत पाय चाकापासून दूर राहतात. ट्रेलर जमिनीलगत असतो, आणि त्याचा सांधा लवचीक असेल तर पुढची सायकल पडली तरी तो बहुधा उभा राहतो.

पण विज्ञानाचे नियम इथेही सुटत नाहीत. समजा, माणूस आणि सायकल मिळून ८० किलो. १२ किलोचा ट्रेलर आणि ३० किलोची दोन मुले जोडली की वजन १२२ किलो, म्हणजे दीडपट होते. ट्रेलरला सहसा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर तो मागून ढकलतो आणि सगळा भार पुढच्या सायकलच्या ब्रेकवर येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ताशी २० ऐवजी १५ किलोमीटरने गेले, तर ती जवळपास निम्मी होते. म्हणजे वाढलेले वजन वेग थोडा कमी करून भरून काढता येते. सायकलमागे अर्धी सायकल आणि तिच्यामागे ट्रेलर अशी 'आगगाडी' मुलांना फार आवडते. तरी उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल, तर ती करूच नये. दोरीने बांधलेला किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून करून घेतलेला सांधा मुलासाठी कधीच वापरू नये. एक वर्षाखालच्या बाळाला तर कोणत्याही जोडणीत बसवू नये. त्याची मान हेल्मेटचा भार आणि रस्त्याचे धक्के सोसण्याइतकी तयार नसते.

आता खरा प्रश्न रस्त्याचा. ट्रेलर सायकलहून रुंद असतो. आपण खड्डा चुकवतो आणि त्याचे चाक त्यातच जाते. मुलाचे नाक वाहनांच्या धुराच्या नळीजवळ येते, आणि वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. त्यामुळे वर्दळीच्या रस्त्यावर उत्तम ट्रेलरही मुलाच्या हिताचा नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे मुले सहज सायकलवर दिसतात, पण हे आपोआप घडलेले नाही. १९७१ साली तिथे रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक लोक दगावले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. 'मुलांची हत्या थांबवा' अशी चळवळ पालकांनी उभारली आणि सरकारला सायकलमार्ग व मंद वेगाच्या वस्त्यांकडे वळावे लागले. उपकरणे महत्त्वाची होतीच, पण त्यांना वाव दिला तो रस्त्यांनी.

आपल्याकडे तोवर हातावर हात धरून बसायचे कारण नाही. बंदिस्त वसाहती, विद्यापीठांचे आवार, नदीकाठचे रस्ते आणि पहाटेची वेळ यांपासून सुरुवात करता येते. जोडणी विकत घेण्याआधी तो रस्ता मुलाशिवाय एकदा फिरून पाहावा आणि खड्डे, वळणे, उतार लक्षात घ्यावेत. आणि नगरसेवक मत मागायला आला की त्याला एवढेच विचारावे: या प्रभागात पाच वर्षांचे मूल आईच्या मागे सायकल जोडून शाळेपर्यंत सुखरूप जाऊ शकेल, असा एक तरी रस्ता आहे का?