चिपचा कारखाना आणि खडू-फळा

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पनवेलजवळील तळोजे येथे टॉवर व अदानी यांच्या अर्धसंवाहक प्रकल्पास मान्यता दिली, तेव्हा ८३,९४७ कोटी रुपयांचा आकडा सर्वतोमुखी झाला. २०२५ मध्ये ही बोलणी थांबल्याचे वृत्त आले. त्याची फारशी चर्चा झाली नाही. भांडवल येते, जाते. त्याचे ते चालावयाचेच. परंतु हा धंदा ज्या शास्त्रावर उभा आहे, त्याची नवी मुंबईत काय व्यवस्था आहे?

ते शास्त्र घनपदार्थांच्या भौतिकीचे होय. आणि त्यातही अणूहून बऱ्याच मोठ्या, पण नेहमीच्या तारेहून फारच लहान अशा मधल्या मापाच्या वस्तूंचे. ओहमचा नियम आपण शाळेत शिकवितो : तार निम्मी केली की रोधही निम्मा. तार पुरेशी सूक्ष्म, आखूड आणि निर्दोष असली की हा हिशेब कोलमडतो. इलेक्ट्रॉन कोठेही न अडखळता लाटेसारखा पार होतो, आणि तरीही रोध शून्य होत नाही. वाट एकच असेल तर सुमारे १२,९०६ ओहम उरतातच. हा रोध तारेत नसतो. तार जेथे रुंद भागास मिळते त्या सांध्यांपाशी तो असतो! वहनाकडे असे पाहण्याची दृष्टी रोल्फ लांडाउअर यांनी १९५७ मध्ये कागदावर दिली. संवाहकतेच्या पायऱ्या डेल्फ्ट आणि केंब्रिज येथील प्रयोगांत प्रत्यक्ष दिसल्या त्या १९८८ मध्ये. मधल्या ३१ वर्षांत आपल्या एखाद्या अनुदान समितीने या कागदाचा उपयोग विचारल्यावाचून सोडले नसते.

असे काम करणाऱ्यास धूळविरहित दालन लागत नाही. फळा, नियतकालिके आणि मोकळा वेळ लागतो. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकापाशी यांपैकी फळा तेवढा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने शोधपत्रिकांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटींची योजना मंजूर केली. तथापि ती सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती, आणि नवी मुंबईतील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची. २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे एक केंद्र पवईला आले. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, खाडीच्या अलीकडच्या तीरावर तुर्भ्याचे भाभा केंद्र आहे. वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला खरा, पण त्यावरून नोकरदारांची जेवढी ये-जा झाली तेवढी विद्येची झाली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वस्तुतः पायंडा उपलब्ध आहे. अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांनी २००७ मध्ये कालिना येथे मूलभूत विज्ञानांचे केंद्र संयुक्तपणे उभारले. त्याच धर्तीवर खाडीपलीकडील महाविद्यालयांतील मोजक्या अध्यापकांना वर्षातील काही महिने या संस्थांत सवेतन बसता यावे, आणि पत्रिकांच्या योजनेत अनुदानित महाविद्यालयांचाही अंतर्भाव व्हावा. पहिली मागणी विद्यापीठाच्या अधिसभेतील अध्यापक-प्रतिनिधींनी येत्या अंदाजपत्रकाच्या वेळीच मांडण्याजोगी आहे.