उन्हाचे चित्र सावलीतून

चेन्नईच्या अड्यार भागात, नदी समुद्राला मिळते तिथे, थिऑसॉफिकल सोसायटीची झाडीने भरलेली विस्तीर्ण बाग आहे. तिथल्या शेकडो वर्षांच्या वडाचे मूळ खोड १९८९ च्या वादळात कोसळले. पण पारंब्यांचीच खोडे झालेली असल्याने वड आजही उभा आहे. त्या पारंब्यांतून गवतावर उतरणारे कवडसे पाहून रंगाची पेटी उघडावीशी वाटली नाही, तर नवलच!

अशा पळत्या उन्हासाठी सॉफ्ट पेस्टल फार सोयीचे. हा मुलांच्या दप्तरातला तेलखडू नव्हे. यात रंगाची पूड, थोडी खडूची भुकटी आणि नावापुरता डिंक असतो. वाळण्याची वाट पाहावी लागत नाही.

बसायचे मात्र सकाळीच. चेन्नई विषुववृत्तापासून १३ अंशांवर. एप्रिलअखेर आणि ऑगस्टच्या मध्याला तर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. सावली पायाखाली गोळा होते, हिरवा रंग पांढुरका दिसू लागतो आणि चित्र काढण्याजोगे काही उरत नाही.

नवशिके आधी पिवळा आणि पांढरा खडू उचलतात. इथेच चित्र बिघडते. ऊन दिसते ते शेजारच्या सावलीमुळे. म्हणून कागद पांढरा न घेता करडा किंवा मातकट, किंचित खरखरीत घ्यावा. डोळे किलकिले करून आधी सावल्यांचे आकार मांडावेत: गर्द हिरवा, निळा, जांभळा. काळा नकोच, त्याने सावली मेल्यासारखी दिसते. आकाश बोटाने पुसले तरी चालेल, पाने पुसू नयेत. फिकट पिवळ्याचे ठसठशीत फटकारे अगदी शेवटी द्यावेत आणि त्यांना पुन्हा हात लावू नये.

खाली साचलेली पूड फुंकू नये, ती नाकातोंडात जाते. कागद उभा धरून मागून टिचकी मारावी.

खरी काळजी पुढेच. समुद्राकाठच्या दमट हवेत पेस्टलला बुरशी चटकन धरते. फिक्सेटिव्ह जास्त मारले तर उजळ रंग काळवंडतात. मारायचेच तर शेवटच्या फटकाऱ्यांआधी, हलके. फ्रेम करताना जाड माउंट घालून काच चित्रापासून दूर ठेवावी. काचेऐवजी प्लॅस्टिक नको, ते पूड ओढून घेते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिथले पावसाचे दिवस. तेव्हा ओल धरणाऱ्या भिंतीवरून चित्र उतरवून कोरड्या खोलीत ठेवावे.