दाखल्यातले टक्के आणि बुडालेली मजुरी



लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशी बातमी ठरलेली. इतकी प्रकरणे निकाली, इतक्या कोटींची तडजोड, सोबत धनादेश हातात धरलेल्या पक्षकाराचा फोटो. या खेपेच्या बातमीत मोटार अपघात दाव्यांचा आकडा ठळक टाइपात होता आणि विमा कंपन्यांनी केलेल्या सहकार्याबद्दल त्यांचे आभारही मानलेले होते. आभार कशाचे? ज्याचा हात किंवा पाय कायमचा निकामी झाला त्याला हिशेबाप्रमाणे किती मिळायला हवे होते आणि त्यातले किती सोडून त्याने सही केली, याबद्दल बातमीत अवाक्षर नाही.

आमच्या गल्लीत एक गवंडी राहतो. वय 34. कामावरून दुचाकीने परतताना मोटारीने उडवले. उजव्या कोपरात प्लेट बसवली आहे आणि हात काटकोनापलीकडे वाकत नाही. जेवताना घास तोंडाशी येत नाही, तोंडच ताटाकडे न्यावे लागते. गिलावा मारणे म्हणजे थापीवरचा माल एका झटक्यात भिंतीवर बसवणे, आणि नेमका तो झटकाच आता त्याच्या हातात राहिलेला नाही. काल जी पोरे त्याच्या हाताखाली होती त्यांच्या बांधकामावर तो आज भिंतींना पाणी मारतो. मजुरी निम्म्याहून कमी.

सरकारी दवाखान्याचा दाखला सांगतो, उजव्या हाताचे 45 टक्के कायमचे अपंगत्व. विमा कंपनीचे वकील म्हणतात, हाताचे 45 म्हणजे सबंध शरीराचे 15, तेव्हा कमाईचे नुकसानही 15 टक्केच. पहिली घट एक वेळ समजू शकते. पण दुसरी उडी कुठल्या आधारावर मारली?

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात 2010 सालीच हे स्वच्छ सांगून ठेवले आहे. अवयवाचे टक्के वेगळे, शरीराचे वेगळे आणि कमाईचे तर त्याहून वेगळे. डावा हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ संपूर्ण कमाईला मुकू शकतो, तर तोच हात गमावलेला सरकारी कारकून नोकरीत टिकू शकतो, असे उदाहरणच निकालात दिलेले आहे. म्हणजे आधी माणूस काय काम करत होता ते पाहा, आता त्यातले काय करू शकतो ते पाहा, मग टक्के ठरवा. इतकी वर्षे झाली, तरी तडजोडीच्या टेबलावर दाखल्यातलाच आकडा, तोही तिनाने भागून, पुढे सरकवला जातो.

आकडेच मांडतो. महिना 15 हजार धरू. गवंड्याला याहून जास्त सुटतात, पण ठेकेदाराच्या हजेरीवहीला पुरावा कोण मानतो! वर्षाचे झाले 1 लाख 80 हजार. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवायचे (ही वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यात नाही, जायबंदी माणसालाही द्यायची, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले). झाले 2 लाख 52 हजार. वर्षाच्या रकमेला वयानुसार ज्याने गुणतात तो गुणक 34 व्या वर्षी 16. एकूण 40 लाख 32 हजार. याचे 15 टक्के काढले तर 6 लाख 4 हजार 800. आणि गवंडीकाम सुटले, मजुरी निम्म्याखाली आली म्हणून 60 टक्के धरले तर 24 लाख 19 हजार 200. माणूस तोच, कोपर तेच आणि फरक 18 लाखांचा! उपचाराचा खर्च आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई यात धरलेलीच नाही.

खोटे दाखले मिळतात हे मला ठाऊक आहे. ज्यांनी रुग्णावर उपचारच केलेले नाहीत अशा डॉक्टरांच्या तयार दाखल्यांबाबत सावध राहा, असे राजकुमार निकालातच न्यायालयाने बजावले आहे. मग बोलवा डॉक्टरला, घ्या उलटतपासणी. चार लबाडांमुळे सगळ्याच जखमींकडे चोराच्या नजरेने का पाहायचे? हप्ता घ्यायला कंपनीला एक दिवस लागत नाही, आणि द्यायची वेळ आली की तारखांवर तारखा. तोवर जखमीचे घर पतसंस्थेच्या कर्जावर चाललेले असते. अशा वेळी समोर आलेला चेक कोण नाकारील? याला तडजोड म्हणायचे असेल तर म्हणा.

निदान या गवंड्याला धडकलेली गाडी सापडली तरी. धडक देऊन वाहन पळून गेले तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून मिळतात 50 हजार, आणि तेही एप्रिल 2022 पासून. त्याआधी साडेबारा हजारच होते. आमच्या भागात तर वाहन ओळखणेच कठीण. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर निघतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, नंबर असला तर उसाच्या पाचटाआड. पुढे गाणी मात्र गावभर ऐकू जातील एवढ्या आवाजात. ट्रॉली सापडली आणि तिच्यावर मागून आदळलेल्याने दावा टाकला की, विमा शेतीकामापुरता होता, असे उत्तर येते. कारखाने ऊस वजन करून आत घेतात, त्याच काट्यावर रिफ्लेक्टर आणि विम्याचा कागद तपासायला त्यांना कोणी अडवले आहे?

लोकअदालत भरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने एवढे करावे. कायम अपंगत्वाच्या प्रत्येक तडजोडीत उत्पन्न किती धरले, गुणक कोणता लावला आणि कमाईचे नुकसान किती टक्के मानले, हे मराठीत एका कागदावर लिहून सहीच्या आधी जखमीच्या हाती द्यावे. वृत्तपत्रांनीही पुढच्या वेळी कोटींच्या आकड्यांबरोबर असा एखादा हिशेब छापावा. आणि ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनी तो कागद वकिलांकडून मागून घेतल्याशिवाय पेन उचलू नये. कारण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येते, लोकअदालतीच्या निवाड्यावर येत नाही.

– एक नियमित वाचक, तासगाव (जि. सांगली)