वस्तू आणि तिची नोंद : स्वयंचलित गोदामाचा खरा प्रश्न

बंगळुरूच्या शिवाजीनगरातील गल्ल्यांत वाहनांच्या सुट्या भागांची जुनी दुकाने आहेत. नवख्या गिऱ्हाइकाला तेथे केवळ अडगळ दिसते. दुकानदाराला मात्र कोणत्या फळीवर, कोणत्या डब्यामागे कोणते बेअरिंग आहे, हे पाठ असते. माल किती आणि तो कोठे, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात नांदतात. दुकानाचा कारखाना झाला, की हे ज्ञान तीन-चार संगणकांत विभागले जाते आणि उत्पादनतंत्रातील एक अवघड, तरीही उपेक्षित प्रश्न उभा राहतो : वस्तू आणि तिची नोंद यांची फारकत होऊ न देण्याचा.

स्वयंचलित गोदामांविषयीच्या बातम्यांत झळकतात ती यंत्रे. उंच मांडण्या, त्यांच्यामधून धावणाऱ्या क्रेन, माणसाविना हलणारी खोकी. परंतु यंत्रांची ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. जर्मनीतील गुटर्सलोह येथे बर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेसाठी डेमाग कंपनीने १९६२ साली उंच मांडण्यांचे गोदाम उभारले. जपानमध्ये दायफुकूने असे पहिले स्वयंचलित गोदाम १९६६ साली दिले. आजही प्रकल्प अडखळतात ते बहुधा क्रेनपाशी नव्हे, तर क्रेन आणि कंपनीची व्यवसायप्रणाली, म्हणजे ईआरपी, यांच्या जोडणीपाशी. ही जोडणी कारकुनी बाब मानली जाते. ती विज्ञानाची बाब आहे, आणि अभियांत्रिकीच्या वर्गांत तिला तसेच स्थान मिळाले पाहिजे.

या दोन प्रणालींची कुळे निराळी आहेत. ईआरपी हिशेबाच्या वहीतून जन्मली. आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या सॅपचा आरंभच वित्तीय लेखांकनाच्या प्रणालीने झाला. तिला माल किती, कोणाचा आणि किती किमतीचा, हे कळते. गोदामाची प्रणाली यंत्रांच्या जगातून आली. तिला खोके कोणत्या ओळीत, कोणत्या मजल्यावर आहे, हे कळते. त्याखालच्या नियंत्रकाला तर या क्षणी क्रेन कोठे आहे, एवढेच ठाऊक असते. एक वही दिवसाअखेरीस जुळली तरी चालते. दुसरीला क्षणाक्षणाला जुळावे लागते. दोघी एकाच खोक्याविषयी बोलतात, पण त्यांची भाषा एक नसते.

साधे उदाहरण घ्यावे. पाचशे बेअरिंगांचे खोके क्रेनने मांडणीत ठेवले. ‘ठेवले’ हा निरोप ईआरपीकडे निघाला. तिने साठा पाचशेने वाढवला, पण तिची पोचपावती परत येताना जाळ्यात हरवली. गोदामाच्या प्रणालीने ठरावीक वेळ वाट पाहून तोच निरोप पुन्हा धाडला. ईआरपीने तो नवा समजला, तर वहीत हजार बेअरिंगे दिसतील आणि मांडणीवर पाचशेच असतील. आता उत्पादनाचे नियोजन या हजारांच्या भरवशावर होईल. चूक उघडकीस येईल ती जुळणीची साखळी बेअरिंगांअभावी थांबेल तेव्हा.

ही कोणा प्रोग्रामरची हयगय म्हणून सोडून देता येत नाही. दोन टेकड्यांवरील दोन सेनापतींनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय मिळेल, परंतु निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो, अशी कल्पना करावी. पहिल्याने वेळ कळवली, दुसऱ्याने पोच दिली. पण ती पोच पोचली की नाही, हे दुसऱ्याला कसे कळणार? पावतीला पावती मागितली, तरी शेवटच्या निरोपाची शंका उरतेच. निरोप हरवू शकणाऱ्या मार्गावर अशी पूर्ण खात्री कितीही निरोपांनी होऊ शकत नाही, हे अक्कोयुन्लू, एकानधम् आणि ह्यूबर यांनी १९७५ साली दाखवले. जिम ग्रे यांच्या १९७८ मधील लेखनातून तो पेच दोन सेनापतींच्या नावाने रूढ झाला. गोदाम आणि ईआरपी हे असेच दोन सेनापती आहेत.

पूर्ण खात्री अशक्य असली, तरी चूक निरुपद्रवी करता येते. प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर काहीही न बदलता केवळ पोच द्यायची. जागेविषयी गोदामाची नोंद प्रमाण, किमतीविषयी ईआरपीची, असे स्वामित्व आधीच ठरवायचे. आणि रोज थोडा थोडा माल प्रत्यक्ष मोजून दोन्ही वह्या ताडून पाहायच्या. या शेवटच्या कामाला कमी लेखणाऱ्यांनी निकोल डिहोरेशियस आणि आनंद रामन यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. एका किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३,७०,००० नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नव्हत्या.

कारखानदाराला याची किंमत किती पडू शकते, हे अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीच्या अनुभवावरून कळते. सुमारे ११.२ कोटी डॉलरची नवी व्यवसायप्रणाली जुलै १९९९ मध्ये, सणासुदीच्या तोंडावर, तेथे पूर्णपणे कार्यान्वित झाली. त्यानंतर सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुरवता आल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. घाई हे एक कारण होतेच. त्या वेळच्या वृत्तांतांतून पुढे आलेले दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. गर्दीच्या हंगामात कंपनी कारखान्यांतील मोकळ्या जागांत आणि भाड्याच्या खोल्यांतही माल ठेवत असे. जुन्या कर्मचाऱ्यांना त्या जागा ठाऊक होत्या. नव्या प्रणालीत त्यांची नोंद नव्हती. माल होता, पण प्रणालीच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता.

तयार जोडणी विकत मिळत असताना एवढी चर्चा कशाला, असा आक्षेप विक्रेते घेतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. तयार जोडणी निरोप वाहून नेते. निरोपाचा अर्थ ठरवत नाही. खरेदी विभाग बोल्ट किलोने मोजतो, गोदाम खोक्यांनी आणि जुळणी विभाग नगांनी. अर्धे रिकामे खोके परत आले, तर ते एक खोके की अर्धे? तपासणीत अडकलेला माल साठ्यात धरायचा की नाही? ही उत्तरे कोणत्याही पेटीबंद सॉफ्टवेअरमध्ये नसतात. ती कारखान्यातील माणसांनी, विशेषतः वर्षानुवर्षे भांडार सांभाळणाऱ्यांनी, एकत्र बसून द्यायची असतात. स्वयंचलनाच्या नावाखाली आधी त्यांनाच घरी पाठवणे म्हणजे नकाशा जाळून प्रवासाला निघणे होय.

याचा वस्तुपाठ बंगळुरूजवळच आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यातील पुढच्या पिढीने टोयोटाच्या भागीदारीत १९९७ साली कंपनी स्थापन केली. म्हैसूर रस्त्यावरील बिडदीच्या कारखान्यातून १९९९ च्या अखेरीस मोटारी बाहेर पडू लागल्या. टोयोटाची उत्पादनपद्धती तायिची ओनो यांनी विकसित केलेल्या ‘कान्बान’ कार्डासाठी प्रसिद्ध आहे. भागांच्या खोक्याबरोबर त्याचे कार्ड फिरते आणि कार्डावाचून माल हलवायचा नाही, असा दंडक असतो. नोंद वस्तूला बांधूनच ठेवायची, हा विचार संगणकापूर्वीचा आहे. ही शिस्त ज्या कारखान्यात रुजलेली नाही, तेथे क्रेन केवळ गोंधळाचा वेग वाढवते.

मोठी कंपनी एखादा तोटा सोसून उभी राहते. पीण्या, चाकण किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक कर्ज काढून स्वयंचलित मांडणी बसवतो, तेव्हा चुकलेल्या जोडणीचे ओझे त्याच्यावर आणि त्याच्या कामगारांच्या वेतनावर पडते. त्याला यंत्रमानव बनवणाऱ्यांइतकीच, या दोन वह्या जुळवू शकणाऱ्या अभियंत्यांची गरज आहे. महाविद्यालयांनी तशी परीक्षा घ्यावी. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात यंत्राने खोके उचलले, एवढ्यावर गुण देऊ नयेत. क्रेन अर्ध्या वाटेवर असताना जाळ्याची तार काढावी आणि ती पुन्हा जोडल्यावर मांडणीवरचा माल व वहीतला आकडा जुळतो का, हे मोजून पाहावे.