घटस्फोटितेचा डाग कोणीं लावला?

नवरा दारूबाज, बायको देखणी, आणि तिचें चित्र काढणाऱ्या चित्रकाराच्या मनांत तिच्याविषयीं अनुकंपा. एवढ्या सामग्रीवर संशयाचा वणवा पेटण्यास वेळ तो किती? 'ईझी व्हर्च्यू' हा इंग्रजी मूकपट आल्फ्रेड हिचकॉक यांनीं लंडनच्या गेन्सबरो कंपनीसाठीं काढिला. तो १९२८ सालीं पडद्यावर आला. कथा नोएल कॉवर्ड यांच्या नाटकाची. परंतु नाटकांत जो घटस्फोट पूर्वींच होऊन गेलेला आहे, तोच चित्रपटानें आरंभीं आणून प्रेक्षकांस थेट न्यायकचेरींत बसविलें आहे. आम्हांस हा फेरफार फार मोलाचा वाटतो.

कारण तेथें न्याय कसा होतो तें पाहावें. चित्रकाराचा लॅरिटा फिल्टनवर जीव जडला, हें खरें. तिनें पाप केल्याचा पुरावा मात्र प्रेक्षकांस कोठेंच दिसत नाहीं. पण चित्रकार मरतांना आपली मालमत्ता तिला ठेवून जातो, आणि ज्यूरींस तेवढें पुरतें! नवऱ्याच्या दारूची गोष्ट कचेरींत निघते. निकालाच्या तराजूंत तिला वजन नाहीं.

हा कायद्याचाच दोष, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें आहे. १८५७ च्या इंग्रजी कायद्यानें नवऱ्यास घटस्फोटासाठीं बायकोचा व्यभिचार एवढें एकच कारण पुरे होई. बायकोस मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखें आणखी कांहीं सिद्ध करावें लागे. १९२३ सालीं हा भेद गेला. तरी नुसत्या क्रौर्यावर घटस्फोट मिळण्यास इंग्रज स्त्रीस १९३७ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. म्हणजे छळणाऱ्या नवऱ्यास संशयावर कचेरी गांठतां येई. छळ सोसणारीस तेवढ्यावर घटस्फोट मागतां येत नसे. आमच्याकडील १८६९ च्या घटस्फोट कायद्यानें तर ख्रिस्ती स्त्रियांच्या माथीं १८५७ चाच भेद मारिला होता. मूळ धन्यानें तो १९२३ सालीं टाकिला. आम्हीं तो २००१ पर्यंत जपला. नकलेची निष्ठा असावी तर अशी!

कायद्यापलीकडचा दोष चित्रपटाच्या उत्तरार्धांत आहे. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर लॅरिटेस जॉन व्हिटेकर नांवाचा तरुण भेटतो. ती त्यास होकार देते, तो टेलिफोन जोडणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून आपल्यास कळतो. मूकपटांत इतकें बोलकें दृश्य विरळा. पण सासूबाईंना सून पहिल्यापासूनच खुपते. पुढें एका छापील चित्रावरून मागील खटल्याचा उलगडा होतो, आणि घरांतील वारा फिरतो. खरें काय घडलें, हें त्या घरांत एकालाहि विचारावेंसें वाटत नाहीं. आणि ज्यानें प्रेमानें लग्न केलें, तो आईच्या तोंडाकडे पाहत बसतो. आमच्या मते या कथेंतील खरा भ्याड तोच.

दुसऱ्या खटल्यांत लॅरिटा प्रतिवादच करीत नाहीं. कचेरीबाहेर छायाचित्रकार टपून बसलेले असतात, आणि पहिल्या खेपेप्रमाणें याहि खेपेस त्यांस तिचेंच चित्र हवें असतें.